बँकॉकच्या राखणदाराचा नैवेद्य

बँकॉकला जाऊन आले म्हटल्यावर पेठेतल्या बायका आधी विचारायच्या, "काय काय आणलंस?" आणि मग, "काय काय बघितलंस?" पहिल्याचं उत्तर सोपं होतं. एक छत्री, दोन नायलॉनच्या साड्या आणि अंगावर वाढलेलं मांस. दुसऱ्याचं उत्तर द्यायला लागले की बायका हिरमुसायच्या. कारण मी धड बघितलं ते एक अंगण आणि त्या अंगणातला एक खांब. सोन्याचे देव बघितले, नाही असं नाही, पण ते बहिणीच्या नवऱ्याच्या आग्रहाखातर, आणि तेही पाय दुखत असताना.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा असेल. मी तेव्हा कोल्हापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि शिवाजी पेठेत वडिलांजवळ राहत होते. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारणाऱ्याला तेव्हाही उत्तर मिळालं नाही आणि आजही मिळणार नाही. आई लवकर गेली, त्यामुळं धाकट्या बहिणीच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं माझ्याच अंगावर. तिचा नवरा, म्हणजे आमचे पावणे, इचलकरंजीत कापडाच्या कामात होते. तिथनं त्यांना बँकॉकजवळच्या एका गिरणीत नोकरी लागली आणि दोघं तिकडं गेली. बहिणीला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळेला रीतीप्रमाणं सातव्यात माहेरी आणली आणि दोन्ही वेळेला मूल जन्मलं ते रडलंच नाही, हाती काही लागलं नाही. आता तिसऱ्यांदा दिवस होते, पाचवा लागला होता, आणि तिनं एवढंच कळवलं होतं की मी ह्या खेपेला येणार नाही.

वडील भडकले. "बाळंतपण म्हायेरातच व्हायचं! तू जा आन् तिला घिऊन ये. शाळंला सुट्टीच हाय की." जसं काही बँकॉक म्हणजे शेजारच्या गडमुडशिंगीच्या पुढचा थांबा.

बरं, गल्लीत बातमी फुटली आणि प्रत्येकजण काही ना काही घेऊन दारात उभा. भडंग काय, शेंगा काय, डिंकाचे लाडू काय. समोरच्या तालमीतले वस्ताद म्हणाले, "बँकॉक म्हंजी रंगूनच्या अल्याड का पल्याड?" मी म्हटलं, पल्याड. "मग लई लांब हाय. चटणी जादा घ्या." मी चटणी जादा घेतली. मोठी बरणी, वर फडकं, फडक्यावर दोरी. तिकडच्या विमानतळावर साहेबानं ती बरणी बाहेर काढायला लावली. वास घेतला. मी मनात म्हटलं, आता हा शिंकणार आणि आपली रवानगी परत. त्यानं करंगळी बुडवली, चाटली, डोळे मिटले, आणि पुन्हा बुडवली! कोल्हापूरच्या बाहेर माझी चटणी पाणी न मागता खाणारा हा पहिलाच माणूस. मला त्या देशाबद्दल तिथंच आपुलकी वाटायला लागली.

बहिणीचं घर एका कालव्याच्या काठाला होतं. लाकडी घर, खाली मालकीणबाई, वर ही दोघं. मालकीणबाई विधवा, साठीच्या, हसतमुख. बहीण त्यांना 'पा' म्हणायची, तिकडं मोठ्या मावशीला तसं म्हणतात. मीही त्यांना 'पा'च म्हणायला लागले. त्यांना माझं अक्षरही कळत नव्हतं आणि मला त्यांचं, पण दोघी भरपूर बोलायचो. मी मराठीत, त्या त्यांच्या भाषेत, आणि कुणाचंच काही अडायचं नाही.

वर जाऊन बहिणीला बघितलं. खिडकीजवळच्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेली. खाणं नाही, बोलणं नाही. पोटाचा विषय काढला की, "नको आक्का, नाव काढू नको." बाळंतविडा शिवायला मी जुनी मऊ लुगडी आणली होती, ती तिनं बघितलीसुद्धा नाहीत. पावणे बिचारे गिरणीतनं आले की तिच्या उशाशी मुकाट बसायचे. त्यांच्याकडं बघून तर मला जास्तच राग यायचा. अहो, काहीतरी बोला की!

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून मी अंगणात उतरले. बघते तर कोपऱ्यात खांबावर बसवलेलं छोटंसं देऊळ. उतरतं छप्पर, सोनेरी नक्षी, झेंडूची माळ, उदबत्ती. मला बरं वाटलं. म्हटलं चला, तुळशीवृंदावन आहे. फक्त तुळस तेवढी नव्हती. वाळली असणार आणि बाईंनी दुसरी लावली नसणार. मी तांब्याभर पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या, हात जोडले. पुढं नैवेद्य मांडलेला होता. एक न सोललेलं केळं, केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात आणि तांबड्या सरबताची बाटली, वर प्यायला नळीसुद्धा! पा नैवेद्य ठेवून गल्लीच्या तोंडाशी भिक्षूंना भात वाढायला गेल्या होत्या. म्हणजे दाखवून झाला होता, वाटायचा राहिला होता. आता देवापुढं अन्न वाळत ठेवणं आमच्यात बसत नाही. नैवेद्य दाखवला की उचलायचा, प्रसाद म्हणून घ्यायचा, दारात आलेल्याला द्यायचा. मी उचलला. अर्धं केळं बहिणीसाठी वर नेलं, तर वासानंच तिला ओकारी आली. मग तेही मीच खाल्लं. भात चांगला होता, नारळाचं दूध घालून केलेला. सरबत मात्र भलतंच गोड. साल कालव्यात टाकली.

मग रोजचंच झालं. आंघोळ, पाणी, प्रदक्षिणा, प्रसाद. ह्यात सांगण्यासारखं काय आहे? त्यामुळं मी कुणाला सांगितलं नाही.

त्यातच बाजारात तुळस दिसली. हो, अस्सल तुळस, जुडीच्या जुडी! मुळासकट एक रोप घेतलं आणि त्या खांबाच्या पायाशी लावून टाकलं. पांनी दोन्ही हात जोडून माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातनं खमंग वास आला म्हणून डोकावले, तर बाई माझी तुळस ओरबाडून कोंबडीबरोबर परततायत! लसूण, मिरची, कोंबडी आणि तुळस! मी दारातच बसले. पांना वाटलं मला भूक लागलीय, त्यांनी वाटीभर पुढं केलं.

एक दिवस पावणे मला शहर दाखवायला घेऊन गेले. मोठमोठी देवळं, कळसाला सोनं, भिंतींना काचा. मला विचाराल तर सगळ्यात भारी त्या होडीतनं भाजी विकणाऱ्या बायका. एकीशी मी मराठीतनं घासाघीस केली. "अगं, एवढ्याशा पपईचे एवढे? आमच्याकडं परसात पडून कुजतात." ती खळखळून हसली, मीही हसले, आणि तिनं हसत हसत तिचाच भाव घेतला. पण माझं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. सुट्टी पळत होती आणि बहीण यायचं नाव घेत नव्हती.

मग एका सकाळी वर गेले, तर काय! बाईसाहेब उठून बसलेल्या. गालावर रंग.

"आक्का, तुला ठावं हाय का, अंगणातलं ते घर कुणाचं हाय ते? जागेच्या राखणदाराचं. पांनी त्याला नवस बोललाय, ह्या पोरासाठी."

"बरं मग?"

"मग काय! त्यो नैवेद्य घ्यायला लागलाय की! केळं सालीसकट जातंय. सरबत अर्ध्यावर येतंय. पा म्हणत्यात, जन्मात असं बघितलं न्हाई. इकडं नैवेद्य दिवसभर तसाच असतो, दुपारनंतर उचलत्यात."

 मी खाली बघत पदराला पीळ घालत बसले. सांगावं तर ही पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिनं "पोर" हा शब्द तोंडातनं काढला होता. आणि मी सांगणार काय? की बाई, तुझा राखणदार म्हणजे मी? मी म्हटलं, "असेल बाई. देवाचं काय सांगावं!" आणि तिच्यापुढं भात ठेवला. तिनं तो खाल्ला. सगळा.

झालं! तिथनं माझे हाल सुरू. पांनी गल्लीभर डंका पिटला आणि शेजारणीपाजारणी नैवेद्य आणायला लागल्या. कुणाच्या लेकीचं लग्न अडलेलं, कुणाच्या नवऱ्याचा गुडघा. केळ्यांचे घडच्या घड, नारळाच्या वड्या, अंड्याचे पिवळे धागे करून पाकात सोडलेले, आणि एकीनं तर काटेरी फणसासारखं एक फळ आणलं, त्याचा वास असा की राखणदार असता तर घर सोडून गेला असता. मी पहाटे उठायची, चोरासारखी इकडंतिकडं बघायची आणि खायची. खायची आणि खायची. पातळाच्या निऱ्या पुऱ्या पडेनात. बहीण मात्र दिवसेंदिवस उजळत चालली. रोज विचारायची, "आक्का, आज घेतलं का गं?" मी म्हणायची, "घेतलं." आणि ढेकर दाबायची.

असं असताना एका गुरुवारी आमची जुंपली. मी विषय काढला, आता तू हिंडूफिरू लागलीस, तिकिटाचं बघू, वडील वाट बघतायत. ती म्हणाली, "मी कोल्हापूरला येणार न्हाई. दोनदा आले, दोनदा मोकळ्या हातानं परत आले. आन् त्या डोहाळजेवणाला काय झालं, इसरलीस?"

मी काही विसरले नव्हते. आमच्याच गल्लीतल्या एका बाईनं सुनेच्या डोहाळजेवणाला आम्हाला बोलावलं होतं, आणि बहीण ओटी भरायला उठली तर तिच्या हातातलं ताट काढून घेऊन म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे." एवढंच. हसत म्हणाली. त्या बाईला मी तिथंच दहाजणींसमोर झाडली, आणि तेव्हापासनं तिच्या दारावरनं जात नाही, वळसा घालून मागच्या बोळातनं जाते. पण त्या गुरुवारी मी हे काही बोलले नाही. मलाही राग आला होता. "मग मी इथं कशाला आले? झक मारायला?" असं म्हणून मी झोपायला गेले.

दुसरा दिवस शुक्रवार. अंबाबाईचा माझा उपास. हा उपास मी कळत्या वयापासनं कधी मोडलेला नव्हता, तापातसुद्धा नाही. आधीच्या शुक्रवारी केळ्यावर भागलं होतं, पण आज खाली गेले तर ताटात नेमकं केळं नाही. भात आणि वर दोन उकडलेली अंडी. मी हात जोडले आणि तशीच वर आले.

दुपारपर्यंत बहीण पुन्हा पलंगावर. "आज घेतलं न्हाई," एवढंच पुटपुटली. पाण्याचा घोट घेईना. पा वर येऊन तिचे पाय चोळत बसल्या आणि अधनंमधनं माझ्याकडं बघत राहिल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं. शनिवारी पहाटे मी एवढं खाल्लं, एवढं खाल्लं की राखणदाराच्या सात पिढ्या जेवल्या असत्या. बहीण उठली. पेज प्यायली.

पुढच्या शुक्रवारी ताटात पुन्हा तीच दोन अंडी. मी त्या खांबासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात अंबाबाईशी बोलले. म्हटलं, आई, हे बघ, तुला सगळं दिसतंय. रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव, त्या पोरीला ह्यात ओढू नको. दोन्ही कान पकडले. मग अंडी खाल्ली. मिठाशिवाय. घशाखाली उतरेनात, पण उतरवली.

जून तोंडावर आला. शाळा उघडायची, परतीचं तिकीट ठरलेलं. डॉक्टरीणबाईंनीही सांगून टाकलं होतं की आता हिनं प्रवास करायचा नाही, म्हणजे माझं येणं फुकटच गेलेलं. पण त्याहून मोठी पंचाईत वेगळीच. मी गेल्यावर नैवेद्य खाणार कोण? मी गेले की राखणदार दुसऱ्याच दिवशी उपाशी बसणार, आणि ही पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. मी गल्लीतल्या एका कुत्र्याला शिकवायला घेतलं. त्याला खांबावर चढवायला स्टूल ठेवलं. कुत्रं स्टुलावर बसलं आणि माझ्याकडं बघून शेपूट हलवत राहिलं. शेवटी ठरवलं की सांगून टाकायचं. खोट्याच्या आधारावर किती दिवस काढणार? आणि सांगायचं तर मी इथं असतानाच, म्हणजे कोसळली तर धरायला तरी हात असतील.

बहीण खिडकीशी बसून केस विंचरत होती. मी म्हटलं, "हे बघ, मी काय सांगते ते नीट ऐक, आणि धीर सोडायचा नाही. तो राखणदार काही खात नाही. मी खाते. पहिल्या दिवसापासनं. प्रसाद समजून खाल्लं, चोरी केलेली नाही."

ती विंचरायची थांबली नाही. "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"सगळं. ह्या खिडकीतनं अंगण दिसतंय की. पहिल्या दिवशी तू नळी तोंडात धरून सरबत वढत हुतीस, त्ये बघून मला इतकं हसू आलं आक्का, इतकं हसू आलं! किती दिवसांनी हसले म्हाईत न्हाई. मग पांना सांगितलं. त्या म्हणाल्या, खाऊ दे, आपण आनखी ठेवू. तुला काय काय आवडतंय त्ये आम्ही दोघी बघायचो."

"आणि मी इकडं फुगून फुगून मरतीय! ते वासाचं फळ कुणी ठेवलं होतं?"

"मीच ठेवायला लावलं."

मी हात उगारला. ती हसत मागं सरकली. मग एकदम माझं डोकं चाललं. "अगं भवाने, मग त्या शुक्रवारी मी खाल्लं नाही तर अंथरूण का धरलंस? तेही नाटक?"

तिनं फणी खाली ठेवली. "त्ये नाटक न्हवतं. आदल्या रात्री आपलं भांडण झालं हुतं. मला वाटलं तू रागावलीस. आता तू पण सोडून दिलंस मला. उपास माझ्या ध्यानातच न्हवता. मग शनवारी तू खाल्लंस तवा आठवलं. म्हणून फुडच्या शुक्रवारी अंडी मी मुद्दाम ठेवायला लावली. म्हटलं बघूया, आक्का काय करती." तिनं खिडकीतनं खाली खांबाकडं बघितलं. "तू कान धरलेस आन् खाल्लीस. मी बघत हुते. तवा मी पोटावर हात ठेवला आन् त्याला म्हटलं, ये बाबा आता. बघ, मावशी कशी हाय तुझी."

 मी फणी उचलली आणि तिची वेणी घालायला बसले. चांगली घट्ट घातली, ती ओरडेपर्यंत. मग खाली जाऊन पावण्यांना म्हटलं, माझं तिकीट रद्द करा आणि शाळेला तार करा. बिनपगारी तर बिनपगारी. वडिलांनी उलट तार केली नाही, म्हणजे ते फार रागावले होते. रागावू देत.

सातव्यात ओटी भरायची वेळ आली. घरात बायका म्हणजे एक मी बिनलग्नाची आणि एक पा विधवा. रीतीनं दोघीही चालणाऱ्या नव्हत्या. आम्ही दोघींनी मिळूनच भरली. नारळ मी घातला, तांदूळ पांनी घातले. आम्हाला "तू राहू दे" म्हणायला तिथं कोण होतं? बहीण हिरव्या पातळात मान खाली घालून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पाटावर टपटप पडत होतं. पांनी ते पुसलं नाही, मीही पुसलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी तिला दवाखान्यात नेलं. पावणे बाहेर बाकावर. मला आत घेईनात, पण मी मास्तरीणबाईंच्या आवाजात काय बोलले ते त्यांना कळलं असावं, कारण घेतलं. बराच वेळ लागला. बहीण माझा हात इतका आवळून धरत होती की काकण फुटलं. मग एकदम सगळे गप्प झाले. बहिणीनं डोळे घट्ट मिटून घेतले. मीही घेतले, खोटं कशाला सांगू?

आणि मग पोर रडली. मुलगी. अशी रडली की भिंती दणाणल्या. अस्सल पेठेतला आवाज. नर्स तिला गुंडाळून, छातीशी धरून हळूहळू हलवत गप करायला लागली. तशी बहीण उशीवरनं अर्धी उठली, नर्सचा हात धरला आणि त्या परक्या मुलखातल्या बाईला चक्क आपल्या कोल्हापुरी मराठीतनं म्हणाली, "नको, नको. गप करू नका. रडू दे तिला."